किती कातायचे, कोणी ठरवायचे?

दरवर्षी जुलै आला, की फ्रान्समधल्या रस्त्यांवर जगातली सर्वांत गाजलेली सायकल शर्यत रंगते. ‘टूर द फ्रान्स’ तिचे नाव. १९०३ मध्ये सुरू झालेल्या या शर्यतीत आज २१ टप्पे असतात, अधेमधे विश्रांतीचे दोन दिवस आणि एकूण अंतर तीन हजार किलोमीटरहून अधिक. नेमक्या याच तीन आठवड्यांत, त्या रस्त्यांपासून फार दूर, आपापल्या घरात बसून आणखीही काही लोक चाक फिरवत असतात. त्यांचे चाक चरख्याचे असते. काहींच्या हातात नुसती टकळी असते. शर्यत चालू असेल त्या प्रत्येक दिवशी आपणही थोडे तरी सूत कातायचे, असा हा सामूहिक उपक्रम आहे. त्याचे नाव ‘टूर द फ्लीस’. फ्लीस म्हणजे मेंढीच्या अंगावरून कातरलेली लोकर. नावातली कोटी उघड आहे. २००६ मध्ये मोजक्या हौशी मंडळींनी सुरू केलेल्या या खेळात आता देशोदेशीचे कातणारे गट करून उतरतात.

खेळाचे संकेत सोपे आहेत. शर्यतीच्या दिवशी कातायचे. सायकलस्वार विश्रांती घेतात त्या दिवशी आपणही चाक थांबवायचे. शर्यत उंच डोंगरात शिरते त्या दिवशी आपल्याला अवघड वाटणारे काहीतरी करून पाहायचे. कोणी नेहमीपेक्षा बारीक धागा काढते, कोणी कधी न हाताळलेली लोकर घेते, तर कोणी आयुष्यात पहिल्यांदा टकळीला हात लावते. शेवटच्या दिवशी विजेत्याच्या पिवळ्या जर्सीची आठवण म्हणून पिवळे काहीतरी अंगावर घालून मिरवायचे. किती सूत कातायचे, याचा आकडा मात्र नियमांत कुठेही नाही. तो ज्याचा त्याने शर्यत सुरू होण्याआधी ठरवायचा आणि आपल्या गटाला सांगायचा.

ही मोकळी सोडलेली जागा भरणे, हेच या खेळातले सर्वांत अवघड काम आहे. गटात कोणी म्हणते, एक किलो लोकर संपवणार. कोणी म्हणते, स्वेटरभर सूत काढणार. ते ऐकून नवखा माणूसही भरात येऊन एखादा मोठा आकडा बोलून बसतो. चार दिवस उत्साहात जातात. पाचव्या दिवशी मनगट कुरकुरते, सातव्या दिवशी घरात पाहुणे येतात, आठव्या दिवशी हिशेब इतका मागे पडलेला असतो, की टकळी कपाटात जाते ती पुढच्या जुलैपर्यंत. सामूहिक चालण्याचे संकल्प किंवा रथसप्तमीला १०८ सूर्यनमस्कारांचा विडा उचलणाऱ्यांना ही गोष्ट अनोळखी वाटणार नाही.

मग आकडा सरळ वरूनच ठरवून दिला तर? भारतात एकदा हा प्रयोग झालेला आहे, आणि तोही सुताच्याच बाबतीत.

१९२४ च्या उन्हाळ्यात अहमदाबादला भरलेल्या काँग्रेस महासमितीच्या बैठकीत गांधीजींच्या आग्रहाने एक ठराव झाला. काँग्रेसच्या प्रातिनिधिक समित्यांवरच्या सदस्यांनी रोज निदान अर्धा तास कातावे आणि दरमहा २००० वार सूत पाठवावे. त्याच वर्षाच्या अखेरीस बेळगावच्या अधिवेशनात, जिथे गांधीजी स्वतः अध्यक्ष होते, ही अट एक पाऊल पुढे गेली. काँग्रेसच्या साध्या सभासदत्वासाठीही महिन्याला २००० वार सूत द्यायचे ठरले. मात्र त्यात एक पळवाट होती. आजारपण, अनिच्छा किंवा तशाच कारणाने स्वतः कातणे झाले नाही, तर दुसऱ्याने कातलेले तेवढेच सूत दिले तरी चालणार होते.

आकडा म्हणून पाहिले तर ही अपेक्षा अवाजवी नव्हती. २००० वार म्हणजे सुमारे १८२९ मीटर. रोज अर्धा तास या हिशेबाने महिन्याचे पंधरा तास होतात, म्हणजे तासाला साधारण १३३ वार. चरख्यावर हात बसलेल्या माणसाला हा वेग जड नाही. सुताचा नंबर १० धरला, तर एवढ्या सुताचे वजन १०८ ग्रॅमच्या आसपास भरते. (सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. नंबर जितका मोठा, तितके सूत बारीक.) महिन्याकाठी मूठभर कापूस, एवढेच काय ते मागणे होते.

तरीही योजना टिकली नाही. अनेकांनी सूत विकत घेऊन भरले, अनेकांनी भरलेच नाही. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याच्या बैठकीत अट सैल झाली: वर्षाला चार आणे द्या किंवा स्वतः कातलेले २००० वार सूत द्या. महिन्याचा आकडा वर्षावर आला आणि शेजारी नाण्यांचा पर्याय येऊन बसला. ज्यांना मनापासून कातायचे होते त्यांच्यासाठी त्याच बैठकीत अखिल भारत चरखा संघ वेगळा उभा राहिला. या घटनेमागे राजकारणाचे पुष्कळ पदर आहेत आणि ते सोडवणे हा या लेखाचा विषय नाही. ध्येयाच्या मानसशास्त्राच्या दृष्टीने मात्र एक गोष्ट ठळकपणे दिसते. अहमदाबादच्या ठरावात अर्धा तास आणि २००० वार असे दोन आकडे होते. पहिला माणसाच्या रोजच्या सवयीबद्दल बोलत होता, दुसरा महिनाअखेरीस पोहोचणाऱ्या मालाबद्दल. सभासदत्वाच्या अटीत उरला तो फक्त माल, आणि माल बाजारातही मिळतो.

आकड्यांत ताकद असते, यात शंका नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक आणि त्यांचे सहकारी गॅरी लेथम यांनी ध्येयनिश्चितीवर अनेक दशके काम केले. त्यांच्या संशोधनाचे सार असे, की ‘जमेल तेवढे चांगले करा’ या सूचनेपेक्षा नेमके आणि थोडे अवघड ध्येय माणसाकडून जास्त काम करून घेते. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांच्या परंपरेतला एक प्रयोग तर ओक्लाहोमातल्या लाकूड वाहणाऱ्या ट्रकचालकांवर होता. कायद्याने जेवढे वजन नेता येते त्याच्या सुमारे ६० टक्केच वजन हे चालक नेत असत. ‘जमेल तेवढे भरा’ असे सांगून फरक पडत नव्हता. मग त्यांना ९४ टक्के असा नेमका आकडा दिला गेला. पगार वाढवला नव्हता, बक्षीस नव्हते. काही महिन्यांत भार ९० टक्क्यांच्या आसपास जाऊन स्थिरावला.

हा प्रयोग व्यवस्थापनाच्या वर्गात फार आवडीने सांगितला जातो. पण त्या चालकांना ट्रक भरता येत होता, हे सांगताना विसरले जाते. येत असलेल्या कामाला नेमका आकडा चाबकासारखा लागू पडतो. न येणाऱ्या कामाचे काय?

त्याचे उत्तर १९८९ मध्ये रूथ कॅनफर आणि फिलिप अ‍ॅकरमन यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मिळते. अमेरिकी हवाई दलातल्या प्रशिक्षणार्थींना संगणकावर विमानांची वाहतूक हाताळण्याचे नकली काम दिले होते. काम शिकण्याच्या अगदी सुरुवातीला ज्यांना अमुक इतके गुण मिळवा असे ध्येय दिले, त्यांची कामगिरी सुधारण्याऐवजी घसरली. तेच ध्येय काम अंगवळणी पडल्यावर दिले, तेव्हा त्याचा फायदा झाला. कारण समजायला कठीण नाही. शिकताना सगळे लक्ष कामालाच लागते. त्यातले थोडे ‘किती झाले, किती राहिले’ या हिशेबात गेले, की कामाला कमी पडते.

टकळी पहिल्यांदा हातात धरणाऱ्याची अवस्था हुबेहूब अशीच असते. एका हाताने टकळीला गिरकी द्यायची, दुसऱ्या हाताने पेळू धरायचा, तंतू सारख्या प्रमाणात सोडत राहायचे, पीळ नको तिथे चढू द्यायचा नाही आणि टकळी उलटी फिरायला लागण्याआधी ती पकडायची. हे सगळे एकाच वेळी. इथे ‘रोज पन्नास मीटर’ हा आकडा उपयोगाचा नाही. घाईने ओढलेला धागा कुठे दोरीसारखा जाड होतो, कुठे केसासारखा बारीक होऊन तुटतो. अशा नवख्यासाठी ध्येय शिकण्याचे असावे: या तीन आठवड्यांत तुटलेला धागा गाठ न मारता सांधायला शिकायचे, किंवा हातभर अंतरात जाडी सारखी ठेवायची. पहिल्या दिवशी कातलेला वितभर धागा पुठ्ठ्याला गुंडाळून तारीख घालून ठेवायचा आणि दर तीन-चार दिवसांनी शेजारी नवा गुंडाळायचा. प्रगती तिथे डोळ्यांनी दिसते.

ज्यांचा हात बसलेला आहे त्यांनी आकडा जरूर धरावा. पण तो कुठून आणायचा? बहुतेक लोक तो इच्छेतून आणतात: स्वेटर हवा आहे, स्वेटरला एवढे सूत लागते, म्हणून एवढे कातायचे. त्यापेक्षा तो मोजमापातून आणणे बरे. जूनच्या शेवटच्या आठवड्यात तीन दिवस, नेहमीच्या वेळी, नेहमीच्या वेगाने अर्धा-अर्धा तास कातावे आणि सूत फाळक्यावर गुंडाळून मोजावे. फाळका नसेल तर खुर्चीच्या पाठीला वेढे देऊनही चालते. एक वेढा किती सेंटिमीटरचा हे एकदा मोजले, की पुढे गुणाकारच उरतो.

समजा, पहिल्या दिवशी १८ मीटर भरले, दुसऱ्या दिवशी २५ आणि तिसऱ्या दिवशी २०. सरासरी २१. शर्यतीचे २१ दिवस रोज अर्धा तास मिळाला, तर ४४१ मीटर एकेरी सूत होईल. पण विणकामासाठी दोन पदर एकत्र पिळायचे असतील तर लांबी निम्मी होते आणि पिळात आणखी थोडी आखडते, म्हणजे हाती राहतात जेमतेम २०० मीटर. पदर पिळायलाही वेळ लागतो. तो याच २१ दिवसांतून काढायचा, तर कातायला १७-१८ दिवसच उरतात. स्वेटरसाठी निघालेला माणूस अशा रीतीने टोपीपाशी येऊन थांबतो. पहिल्या वर्षी बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. कातण्याचा हिशेब सगळे करतात, पदर पिळण्याचा कोणी करत नाही. आणि जून महिन्यातच टोपी ठरवणाऱ्याला जुलैअखेर टोपीएवढे सूत मिळते, तर स्वेटर ठरवणाऱ्याच्या हाती तेवढेच सूत अपयश म्हणून पडते.

सरासरीच्या थोडे वर, समजा रोज २४ मीटर, एवढा ताण घ्यायला हरकत नाही. दुप्पट मात्र नको.

या हिशेबात दिवसाचा आकडा आला, तो मुद्दामच. १९८१ मध्ये अल्बर्ट बांडुरा आणि डेल शंक यांनी गणितात मागे असलेल्या, ७ ते १० वर्षांच्या मुलांवर एक साधा प्रयोग केला. वजाबाकीची ४२ पाने, ७ बैठका. एका गटाला सांगितले, प्रत्येक बैठकीत ६ पाने करा. दुसऱ्याला सांगितले, सातव्या बैठकीअखेर ४२ पाने करा. गणिताच्या दृष्टीने दोन्ही सूचना एकच. पण रोज सहा पानांची मुले वजाबाकी अधिक चांगली शिकली, आपल्याला गणित जमते असा विश्वास त्यांच्यात अधिक आला आणि कोणी सांगितलेले नसतानाही त्यांनी आणखी गणिते सोडवली. ४२ पानांच्या गटाला कोणतेही ध्येय नसलेल्या मुलांपेक्षा फारसा लाभ झाला नाही. दूरचे ध्येय दिशा दाखवते. आजचे काम झाले की नाही हे मात्र ते सांगत नाही. ४४१ मीटरचा डोंगर शेवटच्या दिवसापर्यंत अपुराच असतो. २१ मीटरची लडी रात्री झोपण्यापूर्वी पुरी झालेली असते.

त्याहूनही भरवशाचे ध्येय म्हणजे वेळेचे. मीटर किती होतील हे लोकरीवर, हवेवर आणि त्या दिवशीच्या हातावर अवलंबून असते. पावसाळी हवेत कापसाचे पेळू दमट होतात आणि धागा नेहमीसारखा सुटत नाही. दख्खनी मेंढीची राठ लोकर आणि परदेशी मेरिनो मेंढीची तलम लोकर यांचा वेग एक असूच शकत नाही. पिढ्यानपिढ्या घोंगडीसाठी दख्खनी लोकर कातणाऱ्या धनगर घरांतल्या कोणालाही विचारावे. अर्धा तास बसणे मात्र आपल्या हातात असते. तेही ‘वेळ मिळेल तेव्हा’ असे नको. ‘रात्रीच्या जेवणाची भांडी आवरली, की खिडकीपाशी बसून कातायचे’ असे ठिकाणासह ठरवलेले असावे. जर अमुक झाले तर मी तमुक करीन, अशा घाटाचे संकल्प नुसत्या इच्छेपेक्षा कितीतरी अधिक पार पडतात, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी मांडले. २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी ९४ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही हा परिणाम चांगला ठळक दिसला.

आता गटाकडे वळायला हवे, कारण एकट्याने कातायचे असते तर हा खेळ मांडलाच नसता. गट माणसाला ओढून नेतो, हे खरे. १९२० च्या दशकात ओटो क्योलर या जर्मन संशोधकाने बर्लिनच्या एका नौकानयन क्लबातल्या गड्यांना वजन उचलायला लावले, आधी एकेकट्याने आणि मग जोडीने. जोडीत एकाने हात टेकले की दोघांचेही काम थांबे. अशा जोडीत दुबळा गडी एकटा असतानापेक्षा जास्त टिकला. मात्र हा फायदा दोघांच्या ताकदीत माफक फरक असतानाच भरघोस दिसला. फरक फार मोठा झाला, की दुबळ्याचा जोर ओसरला.

शेजाऱ्याचे काम डोळ्यांत भरले, की पाय कसे गळतात याचा अलीकडचा पुरावाही आहे. टॉड रॉजर्स आणि अवी फेलर यांनी २०१६ मध्ये एका मोठ्या दूरस्थ अभ्यासक्रमातल्या पाच हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती तपासली. तिथे विद्यार्थ्यांना एकमेकांचे निबंध तपासायचे होते. कोणाच्या वाट्याला कोणाचे निबंध येतील हे नशिबावर होते. ज्यांच्या वाट्याला अत्युत्तम निबंध आले, ते अभ्यासक्रम अर्धवट सोडण्याचे प्रमाण जास्त निघाले. सगळे असेच लिहितात आणि आपणच मागे आहोत, असा त्यांचा समज झाला होता. वास्तविक त्यांनी पाहिलेले निबंध अपवादात्मक होते.

कातणाऱ्यांच्या गटातही रोज संध्याकाळी जो ढीग सगळ्यांच्या नजरेत भरतो, तो सर्वांत मोठा असतो. पायाने चालणारा चरखा असलेला, निवृत्त झालेला, वीस वर्षे कातणारा माणूस आणि लहान मूल सांभाळून टकळीवर कातणारी आई यांच्या मीटरांची तुलना करण्यात काही अर्थ नाही. पण डोळे ती करतातच. म्हणून गटात मीटर जाहीर करण्यापेक्षा ‘स्वतः ठरवलेल्यापैकी किती झाले’ एवढेच सांगण्याची पद्धत ठेवली तर बरे. आपल्याकडे आश्रमांत आणि शाळांत गांधी जयंतीला जी सामूहिक सूतकताई होते, तिच्यात ही शहाणीव आधीपासून आहे. सगळे एका वेळी बसतात, एका वेळी उठतात. कोणाच्या चात्यावर किती सूत भरले, याची घोषणा होत नाही.

हे सगळे प्रयोग ट्रकचालकांवरचे, सैनिकांवरचे, शाळकरी मुलांवरचे आहेत, चरख्यावरचे नाहीत. त्यामुळे ते सूतकताईला लावताना थोडा हात राखूनच लावावेत. एका बाबतीत मात्र हात राखण्याची गरज नाही. एखादा दिवस चुकणारच.

चुकलेल्या दिवसाचे नुकसान बहुधा त्या दिवसाचे नसते, त्यानंतरच्या विचाराचे असते. आहार सांभाळणाऱ्या माणसांवरच्या अभ्यासांत हे पन्नास वर्षांपासून दिसते आहे. १९७५ च्या एका प्रयोगात अशा लोकांना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग आइस्क्रीम पुढे ठेवले. पथ्य मोडलेच आहे, आता काय उरले, अशा भावनेने त्यांनी मिल्कशेक न घेतलेल्यांपेक्षा जास्त आइस्क्रीम खाल्ले. कातणाऱ्याची टकळी कपाटात जाते, ती याच भावनेने.

त्यावरचा तोडगा मॅरिसा शरीफ आणि सुझन शू यांनी २०१७ मध्ये मांडला. ध्येय कडकच ठेवायचे, आठवड्याचे सातही दिवस. पण सोबत दोन ‘राखीव’ सुट्ट्या द्यायच्या, फक्त खरी गरज पडली तर वापरायच्या. अशी राखीव शिल्लक असलेली माणसे नुसते सात दिवसांचे किंवा नुसते पाच दिवसांचे ध्येय घेतलेल्यांपेक्षा अधिक चिकाटीने टिकली. शिल्लक आहे म्हणून ती लगेच उधळली जात नाही, आणि चुकलेला दिवस नियमात बसल्यामुळे पुढचा दिवस वाचतो. तीन आठवड्यांच्या कताईत शर्यतीच्या विश्रांतीचे दोन दिवस तर आहेतच. त्यांच्या जोडीला आणखी तीन राखीव दिवस पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवायला काहीच हरकत नाही.

इथेच एका लोकप्रिय समजुतीला टाचणी लावायला हवी. २१ दिवस केले, की सवय लागते, असे सर्रास सांगितले जाते आणि या खेळात टप्पेही नेमके २१ आहेत. पण लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या रोजच्या सवयी बारा आठवडे नोंदवल्या. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायचा काळ १८ ते २५४ दिवस इतका पसरलेला निघाला, मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकल्याने या प्रक्रियेत लक्षात येण्याजोगा खंड पडला नाही, हेही त्यात दिसले. तेव्हा जुलैअखेर सवय लागली नाही, तर दोष आपला नाही.

शरीराचा हिशेब मात्र वेगळा आहे. मन फसवता येते, मनगट नाही. एरवी आठवड्यातून एकदा कातणारा माणूस अचानक रोज दोन तास कातू लागला, की अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दुखू लागते. अंगठा उचलणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या तिथल्या अरुंद वेष्टणातून सरकतात. चिमटीने पेळू धरण्याची तीच ती हालचाल शेकडो वेळा झाली, की ते वेष्टण जाड होते आणि प्रत्येक हालचालीला कळ येते. डॉक्टर त्याला ‘डी क्वेर्व्हेन’ म्हणतात. लहान बाळाला वारंवार उचलणाऱ्या आयांमध्येही हे दुखणे नेहमी आढळते, म्हणजे मूल सांभाळून कातणाऱ्या आईला धोका दुहेरी. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला रात्री मुंग्या येऊन जाग येत असेल, तर मनगटातल्या बोगद्यात मज्जातंतू दाबला जात असण्याची शक्यता असते. अशा वेळी हात झटकून पुन्हा कातायला बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. मान आणि खांद्याचे दुखणे बहुतेकदा मांडीवरच्या सुताकडे वाकून पाहण्यातून येते.

उपाय साधे आहेत आणि म्हणूनच टाळले जातात. अर्ध्या तासात एकदा तरी उठावे. दोन तास एका बैठकीत कातण्यापेक्षा अर्ध्या तासाच्या वेगवेगळ्या बैठका कराव्यात. पेळू पाखरू धरल्यासारखा सैल धरावा. बोटांची नखे पांढरी पडत असतील तर पकड फार घट्ट आहे. पेळू आधीच नीट पिंजलेला असेल, तर तंतू ओढायला जोर लागत नाही, म्हणून पिंजण्याचे काम जूनमध्येच उरकावे. उजेड मागून किंवा बाजूने यावा. पांढऱ्या लोकरीसाठी मांडीवर गडद कापड आणि काळ्या लोकरीसाठी फिकट कापड घेतले, तर धागा दिसतो आणि मान आपोआप वर राहते. दुखू लागले तर त्या दिवशीचा आकडा सोडून द्यावा. राखीव दिवस त्यासाठीच आहेत. सकाळी उठल्यावरही दुखणे तसेच असेल, तर दुसराही राखीव दिवस वापरावा.

मध्यावर, म्हणजे दहाव्या-अकराव्या टप्प्याच्या सुमारास, ध्येय एकदा बदलण्याची मुभा स्वतःला द्यावी. पहिल्या दहा दिवसांची खरी सरासरी आता हाताशी असते आणि ती जूनच्या तीन दिवसांपेक्षा जास्त विश्वासाची असते. ती २१ ऐवजी १५ निघाली, तर उरलेल्या दिवसांचा आकडा १५ वरून काढावा आणि गटाला तसे सांगून टाकावे. काहींना यात माघार वाटते. पण सायकलस्वारांच्या शर्यतीतही सगळे जिंकायला उतरत नाहीत. कोणी एका टप्प्यासाठी येतो, कोणी डोंगरासाठी, कोणी आपल्या संघनायकाला पाण्याच्या बाटल्या पोहोचवण्यासाठी. एकूण वेळेत सर्वांत शेवटी राहणाऱ्याला तिथे ‘लाल कंदील’ म्हणतात, रेल्वेच्या शेवटच्या डब्याला असतो तसा. पॅरिसला पोहोचलेल्या लाल कंदिलाला प्रेक्षक टाळ्या वाजवतात, कारण अनेक जण वाटेतच गळालेले असतात.

शेवटच्या दिवशी सूत मोजताना एक खबरदारी घ्यायची. फाळक्यावरून उतरवलेली लड लगेच मोजू नये. कोमट पाण्यात वीस मिनिटे भिजवावी, न पिळता टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावे आणि सावलीत टांगून वाळवावी. लोकर पाण्यात फुगते, पीळ सारखा बसतो आणि लांबी थोडी आखडते. वहीत लिहायचा आकडा तो, वाळल्यानंतरचा.